तीन आकडी

पत हा शब्द दोन अक्षरांचा होता.
आता तीन आकड्यांचा आहे.
माझी आज सहाशे बारा.

सुरुवात पाचशे एकोणचाळीसपासून.
शनिवार होता, सीबीएसजवळचं कोर्ट,
लोकअदालतीतलं चौथं टेबल, आवाज करणारा पंखा,
आणि बँकेच्या दुसाने मॅडम
बोट ठेवत होत्या : इथे सही, इथे, आणि इथे.
अंबडच्या शेडमधलं मशीन तोवर
सिन्नरचा कुणी उचलून घेऊन गेला होता.
जमिनीतून वर आलेले त्याचे चार बोल्ट तेवढे उरले.
चावी द्यायला गेलो त्या दिवशीही
मी त्यांना अडखळलो.

कागद मिळाला : येणे बाकी नाही.
मी तो लॅमिनेट करून घेतला.
दुकानदाराने विचारलं, कसलं सर्टिफिकेट?
म्हटलं, पास झालो. काठावर.

मग कळलं, कर्ज दोन तऱ्हांनी संपतं.
एक क्लोज्ड, एक सेटल्ड.
मराठीत दोन्ही मिटलंच.
पण डोळे मिटतात तसं एक,
आणि भांडण मिटतं तसं दुसरं,
जे आळीच्या लक्षात राहतं.
किती दिवस? विचारलं मी.
सात वर्षं धरून चला, म्हणाल्या दुसाने मॅडम,
आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी
कागदात गुंडाळू लागल्या.

वीस हजारांची एफडी केली, तिच्यावर कार्ड मिळालं.
माझेच पैसे, मलाच उधार,
आणि परत केले की माझ्याच नावाला शाबासकी.
दर सहा तारखेला त्र्यंबक नाक्यावर
तीनशेचं पेट्रोल, कार्डावर.
बिल येतं त्याच रात्री भरतो.
वसुधा कूस बदलत विचारते, काय चाललंय?
गुण मिळवतोय, म्हणतो.
ती म्हणते, या वयात?

एकदा द्वारकेला एका दुकानात
फ्रिजला हप्ता किती बसेल, असं विचारलं.
पोराने पॅन नंबर घेतला, संगणकात काही टाकलं,
नकार आला, आणि वर
नुसत्या विचारण्याचे नऊ गेले.
तेव्हापासून मी किंमत विचारताना
हात खिशात ठेवतो.

हे सगळं सांगता येतं.
पगारचं सांगता येत नाही.

पगार हे त्याचं आडनाव.
आयटीआयपासून आम्ही त्यावर हसत आलो.
माझ्या कर्जाला जामीन तो होता.
चहा पिता पिता सही केली, कागद वाचलाही नाही,
म्हणाला, तुझं अक्षर मला तसंही लागत नाही.
माझे हप्ते थकले तसा त्याचाही आकडा घसरला,
जागच्या जागी, त्याने काहीही न करता.
शाल्मलीच्या फार्मसीच्या कर्जाला बँक नाही म्हणाली
त्या दिवशी त्याने फोन केला.
मी उचलला. तो बोललाच नाही.
मागे सिडकोतली घंटागाडी वाजत होती,
ती जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच.

अडीच वर्षं.

गेल्या रविवारी तोच आला,
स्कूटर बंद न करता म्हणाला, बस.
मिसळ खाल्ली. पापड आला, जास्तीचा रस्सा आला.
माझ्याबद्दल त्याने विचारलं नाही,
आकडा तर नाहीच.
शाल्मली आता मेडिकलमध्ये कामाला जाते, म्हणाला,
सकाळची पाळी असते.
मी पावाचे तुकडे करत राहिलो.

बिल आलं, दोनशे चाळीस.
त्याचा हात खिशाकडे गेला आणि माझं कार्ड पुढे.
पोऱ्याने मशीन आणलं. रेंज नव्हती.
त्याने ते दाराशी नेलं, वर धरलं, परत आणलं.
पगार भिंतीवरचं दरपत्रक वाचत होता,
ताक वीस, दही वीस,
पुन्हा पहिल्यापासून.

मग कर्र करून चिठ्ठी निघाली.
मी हात पुढे करायच्या आत
त्याने ती उचलली, दुमडली,
शर्टाच्या खिशात घातली.

राहू दे माझ्याकडे, म्हणाला.